लोणार परिसराचे ड्रोन छायाचित्रण

लोणार परिसराचे ड्रोन छायाचित्रण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार शहर, त्यालगतचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आणि विवराचा काठ यांत कालानुरूप होणाऱ्या बदलांची, ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांद्वारे केली जाणारी नोंद होय. शहराची वस्ती विवराच्या ईशान्य काठाला भिडलेली असल्याने नागरी विस्तार, प्राचीन वास्तू, अभयारण्य आणि सरोवर यांचा परस्परसंबंध येथे आकाशातून एकत्र पाहता येतो.

परिसर

लोणारचे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झाले, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने प्रस्थापित केले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर काठापासूनची खोली सुमारे १५० मीटर आहे. आघाताच्या वेळी बाहेर फेकल्या गेलेल्या दगडमातीचा थर काठाबाहेर सरासरी १,३५० मीटरपर्यंत पसरला आहे. चंद्र व मंगळ यांवरील बेसाल्टी पृष्ठभागांवरच्या विवरांशी तुलना करण्यासाठी हा थर अभ्यासकांना मोलाचा वाटतो. लोणार शहराचा काही भाग याच थरावर वसलेला आहे.

शहरात दैत्यसूदन मंदिर व लिंबी बारव, काठावर धार हा बारमाही झरा, तर विवरात कमळजा देवीचे व इतर मंदिरे आहेत. विवरास १९७९मध्ये राष्ट्रीय भू-वारसा स्मारकाचा दर्जा मिळाला. २०००मध्ये सरोवर परिसर वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२०मध्ये सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला.

नोंदीची आवश्यकता

या परिसरातील बदलांची गती सारखी नाही. सरोवराची पातळी ऋतूनुसार व वर्षागणिक बदलते, विवरातील झाडोरा काही वर्षांत बदलतो, तर वस्ती एकेका घराने वाढत जाते. पातळी उतरते आणि झाडे पुन्हा उगवतात. परंतु पाया खणताना, रस्ता काढताना किंवा शेत सपाट करताना विस्कटलेला आघातजन्य थर पूर्ववत करता येत नाही. दुसरीकडे, या थरावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुटुंबांची घरे आहेत. त्यामुळे कोणता भाग अद्याप मोकळा आहे आणि कोणता व्यापला गेला आहे, याची अचूक व दिनांकित नोंद संरक्षण व नगररचना या दोन्हींसाठी आवश्यक ठरते.

उपग्रहचित्रे आणि ड्रोन

जून २०२०मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा लँडसॅट-८ उपग्रहाने २५ मे व १० जून रोजी टिपलेल्या चित्रांची तुलना करून हा बदल दाखवता आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले. तथापि, लँडसॅटच्या बहुवर्णी चित्रातील एक पिक्सेल जमिनीवरील सुमारे ३० मीटर लांबी-रुंदीचा असतो. दाट वस्तीतील अनेक घरे त्यात सामावून जातात. सरोवराचा रंग किंवा विस्तार पाहण्यास ते पुरेसे असले, तरी काठावर नवी भिंत उभी राहिल्याचे त्यात दिसत नाही. ही उणीव ड्रोन भरून काढतो.

कार्यपद्धती

एक इंच संवेदक असलेला नेहमीच्या वापरातील २० मेगापिक्सेलचा कॅमेरा १२० मीटर उंचीवरून घेतलेल्या उभ्या छायाचित्रात सुमारे १८० मीटर रुंद व १२० मीटर लांब जमीन टिपतो. त्यातील एक पिक्सेल साधारण ३.३ सेंटिमीटरचा असतो. साहजिकच संपूर्ण विवर एका उभ्या छायाचित्रात मावत नाही. एकमेकांवर येणारी शेकडो छायाचित्रे घेऊन संगणकाद्वारे त्यांचा सलग, मोजमाप करता येईल असा नकाशा तयार करतात. जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणांमुळे तो नकाशा योग्य स्थानी बसतो.

लोणारमध्ये भूरचनेमुळे विशेष अडचणी येतात. काठापासून १२० मीटर उंचीवर उडणारा ड्रोन सरोवरावर आल्यावर पाण्यापासून सुमारे २७० मीटर उंच असतो. परिणामी एकाच नकाशात काठाचा तपशील स्पष्ट, तर तळाचा पुसट येतो. यासाठी उड्डाणाची उंची भूपृष्ठाच्या चढउतारानुसार बदलावी लागते. हलत्या पाण्यावर जुळणाऱ्या खुणा सापडत नसल्याने सरोवराचा मधला भाग या पद्धतीने नीट जोडला जात नाही. मात्र किनाऱ्याची रेषा निश्चित करता येते. सकाळ-संध्याकाळ विवराच्या कड्यांची सावली आत पडते, म्हणून मध्यान्हीची वेळ सोयीची ठरते. झाडीत झाकलेली मंदिरे पानगळीनंतर अधिक स्पष्ट दिसतात.

नियम व मर्यादा

भारतात ड्रोनचा वापर 'ड्रोन नियम, २०२१' यांनुसार होतो. हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. परंतु अभयारण्यातील प्रवेश व छायाचित्रण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानगीच्या अधीन आहे. पक्ष्यांच्या विणीच्या काळात कमी उंचीवरील उड्डाणे त्यांना त्रासदायक ठरू शकतात. घरांची अंगणे व गच्च्याही छायाचित्रांत येत असल्याने रहिवाशांच्या खासगीपणाचा विचार करावा लागतो.

हवाई छायाचित्र हा मालकीचा पुरावा नव्हे. त्यात बांधकाम दिसते. त्याची परवानगी, वय किंवा मालकी दिसत नाही. त्यासाठी नगर परिषद व भूमी अभिलेख विभाग यांच्या दफ्तराशी ताळा घ्यावा लागतो. ग्रामीण गावठाणांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतही ड्रोन-नकाशानंतर स्थळपाहणी व हरकतींची सुनावणी हे टप्पे ठेवलेले आहेत.

तुलनात्मक नोंदीचे निकष

दोन वर्षांची छायाचित्रे तुलनायोग्य ठरण्यासाठी ती एकाच महिन्यात, समान उंचीवरून आणि त्याच खुणा वापरून घेतलेली असावी लागतात. पावसाळ्यानंतरच्या सरोवराची उन्हाळ्यातील सरोवराशी तुलना केल्यास ऋतुमानाचा फरक कायमस्वरूपी बदल म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. दिनांक, उंची व स्थान यांची नोंद नसलेले छायाचित्र आकर्षक असले, तरी बदल मोजण्यासाठी त्याचा उपयोग मर्यादित राहतो.