काचेवरील डागाचे ऋण

काचेवर डाग दिसला की तो पुसावा, असे आपण मानतो. इंग्लंडातील यॉर्कचे भिंगकार डेनिस टेलर यांना १८९० नंतरच्या दशकात उलटाच अनुभव आला. काळवंडलेली जुनी भिंगे नव्याहून अधिक प्रकाश आरपार सोडीत! कोऱ्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवितो. प्रकाशलहरीच्या चतुर्थांशाएवढा थर वर असला, तर त्याच्या दोन्ही बाजूंनी परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात आणि तो प्रकाश वाचतो.

१९३८ साली अमेरिकेत कॅथरिन ब्लॉजेट यांनी साबणवर्गी पदार्थाचे ४४ रेणुथर चढवून काचेची झळाळी जवळजवळ नाहीशी केली. पण तो लेप सहज पुसला जाई. १९३९ मध्ये जर्मनीत येना येथे गेफकेन व बर्गर यांनी द्रावणात काच बुडवून धातूच्या ऑक्साइडाचे टणक थर देण्याची रीत काढली. पुढे प्लास्टिकची भिंगे आली. ती उष्णतेने फुगत, आणि निव्वळ ऑक्साइडाला तडे जात. म्हणून १९८० नंतरच्या दशकात रसायनज्ञांनी लवचिक बहुवारिक व कठीण ऑक्साइड एकाच थरात गुंफले.

या इतिहासात आम्हांला मोठे वाटते ते टेलर यांचे कुतूहल. दोष म्हणून टाकावयाच्या वस्तूची त्यांनी आधी परीक्षा केली.