तिबेटी जनतेची स्वायत्तता : जगाने उठविलेला आवाज आणि आपण

हिवाळ्याच्या तोंडाशी अकोटहून अकोल्याला खरेदीसाठी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना लोकरी कपड्यांची दुकाने मांडून बसलेले तिबेटी विक्रेते परिचयाचे आहेत. स्वेटरचा भाव ठरतो, पैसे दिले जातात आणि आपण घरी परततो. ही माणसे कोठून आली, का आली आणि परत का जात नाहीत, हे विचारण्याची वेळ सहसा येत नाही. या प्रश्नांची उत्तरे वाचकांना एका ठिकाणी मिळावीत, या हेतूने आम्ही ही माहिती संकलित केली आहे.

तिबेटविषयी आपल्याकडे एक सर्वसाधारण समजूत अशी आहे की, तिबेटी लोकांना चीनपासून फुटून निघायचे आहे. दलाई लामा आणि त्यांचे निर्वासित प्रशासन यांची गेल्या अनेक दशकांची अधिकृत मागणी ती नाही. त्यांची मागणी चीनच्या अंतर्गत खऱ्या स्वायत्ततेची आहे. आपल्या मुलांना कोणत्या भाषेत शिकवावे आणि आपले धर्मपुढारी कोणी निवडावेत, हे दोन प्रश्न त्या मागणीच्या केंद्रस्थानी आहेत. कॅथलिक भाविकांना हे दोन्ही प्रश्न मुळीच परके नाहीत.

विदर्भातील तिबेटी वसाहत

तिबेटी निर्वासितांची महाराष्ट्रातील वसाहत आपल्याच विदर्भात आहे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, १९७२ साली ‘नोर्ग्येलिंग’ ही वसाहत स्थापन झाली. त्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता; गोंदिया जिल्ह्याची निर्मिती १९९९ साली झाली. थंड पठारावरून आलेल्या या लोकांनी झाडीपट्टीच्या उन्हात भातशेती शिकून घेतली. शेतीचा हंगाम संपला की अनेक कुटुंबे लोकरी कपडे विकण्यासाठी शहरांकडे निघतात. कर्नाटकातील बैलकुप्पे आणि मुंडगोड, छत्तीसगडमधील मैनपाट येथेही अशाच वसाहती आहेत. निर्वासित प्रशासनाचे मुख्यालय हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे आहे.

भारतात राहणारे बहुसंख्य तिबेटी कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक मानले जातात आणि त्यांना नोंदणी प्रमाणपत्रावर राहावे लागते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटी व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक ठरतात, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली दिला. केंद्र सरकारने २०१४ साली तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. तरीही नागरिकत्व घेतल्यास मायभूमीवरील आपला हक्क क्षीण होईल, अशी भावना अनेक तिबेटी कुटुंबांत आढळते.

प्रश्नाचा उगम

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटमध्ये शिरले. २३ मे १९५१ रोजी बीजिंग येथे सतरा कलमी करार झाला. तिबेट चीनचा भाग असल्याचे त्यात म्हटले होते. त्याचबरोबर तिबेटची अंतर्गत व्यवस्था, दलाई लामांचे स्थान आणि लोकांचा धर्म यांना हात लावला जाणार नाही, असे आश्वासनही होते. हा करार दडपणाखाली करून घेतला गेला, असे तिबेटी पक्षाचे म्हणणे आहे. आश्वासने पाळली गेली नाहीत, असंतोष वाढत गेला आणि १० मार्च १९५९ रोजी ल्हासा येथे उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि ३१ मार्च रोजी ते तवांगच्या बाजूने भारतात आले. त्यांच्या पाठोपाठ सुमारे ८० हजार तिबेटी देश सोडून बाहेर पडले.

चीन सरकारची भूमिकाही वाचकांना ठाऊक असावी. तिबेट शतकानुशतके चीनचाच भाग आहे, जुनी व्यवस्था वेठबिगारीवर उभी होती आणि आपण त्या प्रदेशाला रस्ते, रुग्णालये व २००६ साली ल्हासापर्यंत रेल्वे दिली, असे ते सरकार सांगते. जुन्या तिबेटी समाजात विषमता होती, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र रस्ते बांधून दिल्याने एखाद्या लोकसमूहाचा आपल्या भाषेवरील व श्रद्धेवरील हक्क संपुष्टात येत नाही, असे आम्हांस वाटते.

संयुक्त राष्ट्रसंघात

नोव्हेंबर १९५० मध्ये एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील लहानशा कॅथलिक देशाने हा प्रश्न प्रथम संयुक्त राष्ट्रसंघात मांडला. त्या वेळी चर्चा पुढे ढकलण्यात आली. उठावानंतर आयर्लंड आणि मलाया यांनी पुढाकार घेतला व २१ ऑक्टोबर १९५९ रोजी आमसभेने तिबेटी लोकांच्या मूलभूत मानवी हक्कांचा आदर राखण्याचे आवाहन करणारा ठराव ४५ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. २६ देश तटस्थ राहिले; त्यांत भारतही होता. २० डिसेंबर १९६१ च्या दुसऱ्या ठरावात तिबेटी जनतेच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आला. १८ डिसेंबर १९६५ रोजी तिसरा ठराव संमत झाला. या वेळी भारताने ठरावाच्या बाजूने मतदान केले.

या कामात महाराष्ट्राशी नाते असलेली तीन नावे आदराने घ्यावयास हवीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत सरकारच्या तिबेटविषयक धोरणावर टीका केली. माओ यांचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना निराळी वागणूक दिली असती, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. दुसरे नाव मुंबईचे विधिज्ञ व समाजवादी नेते पुरुषोत्तम त्रिकमदास यांचे. आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने तिबेटविषयी नेमलेल्या चौकशी समितीचे ते अध्यक्ष होते. १९१३ ते १९५० या काळात तिबेट वस्तुतः स्वतंत्र होता, आणि तिबेटी लोकांना एक धार्मिक समूह म्हणून नष्ट करण्याच्या प्रयत्नात वंशसंहाराची कृत्ये घडली आहेत, असा निष्कर्ष त्या समितीने १९६० च्या अहवालात नोंदविला. तिसरे नाव डॉ. रफिक झकेरिया यांचे. डिसेंबर १९६५ मध्ये आमसभेत तिबेटी जनतेच्या बाजूने भारताची भूमिका त्यांनी मांडली.

१९७१ साली चीनच्या साम्यवादी सरकारला संयुक्त राष्ट्रसंघात स्थान मिळाले. १९६५ नंतर आमसभेत तिबेटविषयी नवा ठराव संमत झालेला नाही. त्यामुळे या प्रश्नाची बाजू मांडण्याचे काम हळूहळू संसदा, स्वयंसेवी संस्था, मानवी हक्कांचे तज्ज्ञ आणि सामान्य नागरिक यांच्याकडे आले.

मध्यम मार्ग

२१ सप्टेंबर १९८७ रोजी दलाई लामांनी वॉशिंग्टन येथे पंचसूत्री शांतता योजना मांडली. १५ जून १९८८ रोजी स्ट्रासबर्ग येथे त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले आणि परराष्ट्र व्यवहार चीनकडे ठेवून तिबेटने अंतर्गत कारभार पाहावा, असा प्रस्ताव ठेवला. १९८९ साली त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. २००२ ते जानेवारी २०१० या काळात त्यांचे प्रतिनिधी व चीन सरकार यांच्यात चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. २००८ च्या फेरीत तिबेटी प्रतिनिधींनी खऱ्या स्वायत्ततेविषयी एक निवेदन सादर केले. भाषा, संस्कृती, धर्म, शिक्षण, पर्यावरण, नैसर्गिक साधनसंपत्ती, अर्थव्यवस्था, आरोग्य, अंतर्गत सुरक्षा, बाहेरील लोकांच्या स्थलांतराचे नियमन आणि अन्य देशांशी सांस्कृतिक देवाणघेवाण असे अकरा विषय त्यात होते. हे सर्व चीनच्या राज्यघटनेच्या चौकटीत बसते, असे त्यात दाखवून दिले होते. चीनने हे निवेदन ‘प्रच्छन्न स्वातंत्र्याची मागणी’ ठरवून फेटाळले.

बाहेरून होणाऱ्या पाठपुराव्याचे फळ अल्प असले तरी शून्य नाही. अमेरिकेने तिबेटविषयी २००२, २०१८, २०२० आणि २०२४ साली कायदे केले. त्यांतील अखेरचा कायदा पूर्वअटींविना संवादाचा आग्रह धरतो. युरोपीय संसदेने वेळोवेळी ठराव केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या तीन मानवी हक्क तज्ज्ञांनी, सुमारे दहा लाख तिबेटी मुले निवासी शाळांत घरापासून दूर चिनी भाषेत शिक्षण घेत असल्याबद्दल चिंता व्यक्त केली. चीनने हा आरोप नाकारला.

मातृभाषेपासून तुटणे म्हणजे काय, हे अकोटकरांना फार दूर जाऊन शोधावे लागत नाही. नरनाळ्याच्या पलीकडे मेळघाटात कोरकू मूल घरी एक भाषा बोलते आणि शाळेत दुसरी ऐकते. आपल्याकडे ही उणीव असली तरी ती जाहीरपणे बोलून दाखविता येते, शिक्षकांना व शासनाला जाब विचारता येतो, आणि राज्यघटनेचे कलम ३५०-क मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची अपेक्षा व्यक्त करते. अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा हक्क कलम ३० देते. आपल्या मिशन शाळा त्या हक्कावर उभ्या आहेत. तिबेटी पालकांजवळ असे साधन नाही, हा मोठा फरक आहे.

धर्मपुढारी कोणी निवडावा?

१४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी गेधुन चोएक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलास पंचेन लामा म्हणून मान्यता दिली. तीनच दिवसांनी तो मुलगा व त्याचे आईवडील चिनी अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेले. त्यानंतर ते सार्वजनिक जीवनात दिसलेले नाहीत. त्याच वर्षी चीनने आपल्या पसंतीचा दुसरा मुलगा त्या पदावर बसविला. २००७ साली चीनच्या धर्मविभागाने, प्रत्येक अवतारी लामाच्या मान्यतेसाठी शासनाची मंजुरी आवश्यक असल्याचा आदेश काढला. आपल्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, २ जुलै २०२५ रोजी, दलाई लामांनी आपल्या पदाची परंपरा पुढे चालू राहील व उत्तराधिकारी ओळखण्याचा अधिकार गादेन फोद्रांग न्यासाकडेच असेल, असे जाहीर केले.

पुनर्जन्माची कल्पना ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाही. येथे मुद्दा सिद्धान्ताचा नसून अधिकाराचा आहे. ईश्वरावर विश्वास नसल्याचे सांगणारे शासन धर्माचा मेंढपाळ नेमू शकते काय? चीनमधील कॅथलिक ख्रिस्तसभेने हाच प्रश्न अनेक दशके सोसला आहे. बिशपांच्या नेमणुकीविषयी व्हॅटिकन व चीन यांच्यात २२ सप्टेंबर २०१८ रोजी तात्पुरता करार झाला. २०२० व २०२२ मध्ये आणि पुढे २०२४ मध्ये चार वर्षांसाठी त्याचे नूतनीकरण झाले. त्याचा मजकूर प्रसिद्ध झालेला नाही आणि त्याविषयी कॅथलिकांमध्येही मतभेद आहेत.

ख्रिस्तसभा आणि तिबेट

तिबेटशी आपले नाते जुने आहे. येशूसंघीय फादर आंतोनियो द आंद्रादे १६२४ साली आग्र्याहून हिमालय ओलांडून पश्चिम तिबेटमधील त्सापरांग येथे पोहोचले. तेथील राजाने त्यांचे स्वागत केले आणि १६२६ च्या पुनरुत्थानाच्या सणाला तेथे चर्चची पायाभरणी झाली. फादर आंद्रादे यांचा मृत्यू १६३४ साली गोव्यात झाला. १७१३ साली गोव्यात उतरलेले फादर इप्पोलितो देसिदेरी १७१६ साली ल्हासाला पोहोचले, बौद्ध मठात राहून शिकले आणि त्यांनी तिबेटी भाषेत ग्रंथ लिहिले. परधर्मीय मठाने ख्रिस्ती धर्मगुरूला जागा दिली, ही गोष्ट आपण विसरू नये.

आधुनिक काळात पोप सहावे पॉल यांनी १९७३ साली दलाई लामांची भेट घेतली. पोप दुसरे जॉन पॉल त्यांना अनेकदा भेटले. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी असिसी येथील प्रार्थनासभेतही दोघे होते. मार्च २००८ मध्ये तिबेटमध्ये अशांतता उसळली तेव्हा पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी हिंसेने प्रश्न सुटत नाहीत असे सांगून संवादाचे आवाहन केले. डिसेंबर २०१४ मध्ये दलाई लामा रोमला गेले असता पोप फ्रान्सिस यांची भेट मात्र झाली नाही. चीनमधील कॅथलिकांच्या परिस्थितीचे भान त्यामागे होते, असे मानले जाते. हा संकोच आम्ही समजू शकतो. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला तो केवळ कॅथलिकांसाठी नव्हता. प्रत्येक मानवाच्या प्रतिष्ठेतून तो हक्क येतो, अशी त्याची शिकवण आहे. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी आमसभेने तिबेटविषयीचा तिसरा ठराव संमत केला आणि तो मांडणाऱ्यांत आयर्लंड, फिलिपिन्स, माल्टा यांसारखे कॅथलिकबहुल देश होते. मुत्सद्देगिरीला जेथे मौन पाळावे लागते, तेथे सामान्य भाविकांना बोलता येते.

आपण काय करू शकतो?

धर्मग्रामातील युवक व महिला मंडळांनी दरवर्षी १० मार्च किंवा १० डिसेंबर, म्हणजे मानवी हक्क दिनाच्या आसपास, या विषयावर एक बैठक ठेवावी. तिबेटी निर्वासितांच्या अडचणी लोकप्रतिनिधींच्या कानावर घालाव्यात. भाविकांच्या प्रार्थनेत तिबेटमधील बौद्ध व चीनमधील ख्रिस्ती या दोघांचाही उल्लेख करावा. चिनी जनतेविषयी मनात कटुता येऊ न देणे, हाही या प्रार्थनेचाच भाग आहे.

आणि पुढच्या हिवाळ्यात स्वेटर घेताना विक्रेत्याला त्याचे गाव अवश्य विचारावे. तो कदाचित गोठणगाव सांगेल आणि आपण विदर्भाचेच शेजारी निघू. तेवढ्यावर न थांबता, आईवडील मूळचे कोठले, हेही विचारावे. परक्याला आपण जवळ केले की नाही, हे अंतिम न्यायाच्या दिवशी विचारले जाणार आहे, असे संत मत्तय आपल्याला सांगतो.