निघण्यापूर्वी ठरणारा फोकस

छायाचित्रणाच्या इतिहासात फोकसची हकीकत बहुधा भिंगे घडवणाऱ्यांच्या अंगाने सांगितली जाते. व्हिएन्नात प्राध्यापक असलेल्या योझेफ पेट्झवाल यांनी १८४० साली गणिताने आखलेले भिंग, त्यानंतरच्या दशकांत एकेक दोष दूर होत गेलेली भिंगे आणि अखेरीस आपोआप फोकस साधणारे कॅमेरे, असा तिचा क्रम असतो. ही मांडणी खोटी नाही, पण ती स्टुडिओच्या चार भिंतींतली आहे. कॅमेरा घेऊन लेण्यांत, घाटांत आणि हिमालयाच्या खिंडींत गेलेल्यांच्या कामाकडे पाहिले, तर असे दिसते की चित्र रेखीव येणार की पुसट हे बऱ्याच अंशी मुक्काम सोडण्यापूर्वीच ठरत असे. म्हणून फोकसचा इतिहास आणि छायाचित्रणाच्या प्रवासासाठी केलेल्या तयारीचा इतिहास हे दोन वेगळे विषय मानणे योग्य नाही.

एकोणिसाव्या शतकातील कॅमेरा म्हणजे पुढे भिंग, मागे घासून धुरकट केलेली काच आणि या दोहोंना जोडणारा चामड्याचा किंवा कापडाचा भाता. भिंगातून आलेली प्रतिमा घासकाचेवर उलटी पडत असे आणि ती पाहण्यासाठी छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून, अनेकदा छोटे भिंग काचेला लावून, भाता पुढेमागे सरकवत असे. ज्या जागी रेषा सर्वांत ठसठशीत दिसतील तो फोकस. त्यानंतर घासकाच काढून तिच्या जागी रसायन लावलेली काच, म्हणजे प्लेट, बसवावी लागे आणि हे दोन्ही पृष्ठभाग अगदी एकाच अंतरावर असणे अत्यावश्यक होते. प्लेट ज्या चौकटीत ठेवत, तिची खाच केसभर जरी खोल असली तरी डोळ्यांना दिसलेला फोकस एका जागी आणि प्लेटवर उमटलेला दुसऱ्या जागी, असा प्रकार होई. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे लंडनमध्ये अचूक जुळलेला कॅमेरा मुंबईच्या पावसाळ्यानंतर तसाच जुळलेला राहील याची खात्री नसे. उष्ण प्रदेशांसाठी पुढे सागवानाचे, सांध्यांना पितळी पट्ट्या आणि स्क्रू मारलेले कॅमेरे बनू लागले, कारण नुसत्या सरसाने जोडलेले सांधे येथल्या हवेत सुटत.

याहून फसवी अडचण प्रकाशाच्या स्वभावातच होती. साध्या भिंगात निळा-जांभळा प्रकाश भिंगाच्या जरा जवळ एकवटतो आणि पिवळा-तांबडा जरा लांब. माणसाच्या डोळ्याला पिवळ्या-हिरव्या प्रकाशातली प्रतिमा सर्वांत स्पष्ट वाटते, तर त्या काळच्या प्लेटवर परिणाम होई तो मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा. परिणामी घासकाचेवर निर्दोष दिसलेले दृश्य प्लेटवर मऊ, फिकट कडांचे उतरत असे. दृश्य फोकस आणि रासायनिक फोकस यांतला हा फरक लंडनमध्ये स्थायिक झालेले फ्रेंच छायाचित्रकार आंत्वान क्लोदे यांनी १८४० च्या दशकात बारकाईने अभ्यासला आणि तो मोजण्यासाठी आकडे घातलेल्या पट्ट्या वेगवेगळ्या अंतरांवर उभ्या करणारे एक छोटे उपकरण तयार केले. एका पट्टीवर फोकस साधून चित्र घ्यायचे आणि प्रत्यक्षात कोणता आकडा रेखीव उमटला ते पाहायचे, म्हणजे भाता किती मागेपुढे सरकवावा लागेल हे कळे. ही परीक्षा घरीच उरकावी लागे. डोंगरावर पोहोचल्यावर भिंगाचा स्वभाव ओळखायला बसणे परवडणारे नव्हते.

पश्चिम भारतात या साऱ्या खटाटोपाला संघटित रूप आले ते १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीमुळे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीशी संबंधित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत, आणि एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही याच सुमारास सुरू झाला. नेमक्या याच काळात प्राचीन वास्तूंची रेखाटने करवून घेण्याऐवजी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचे मत बनले, आणि १८५५ साली तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यांच्याकडे विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल या परिसरातील वास्तूंचे काम आले. बिग्ज यांनी कागदी निगेटिव्हची पद्धत वापरली. कागदाच्या तंतूंमुळे तिच्यात काचेइतका रेखीवपणा येत नसे, पण कागद हलका असतो, फुटत नाही आणि मुक्कामावर आधी तयार करून नेता येतो. रेखीवपणा आणि वाहतूक यांतली ही देवघेव प्रत्येक मोहिमेच्या आखणीत होती, आणि विजापूरच्या उन्हात कागदाची निवड करणे हा शहाणपणाचा निर्णय होता, असेच म्हणावे लागेल.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीने काचेवर अप्रतिम बारकावा मिळू लागला, परंतु तिने प्रवासाचे गणितच बदलून टाकले. कलोडियन म्हणजे विशिष्ट प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला चिकट द्रव. तो काचेवर ओतून सारखा पसरवायचा, मग काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ती ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवायची, असा हा क्रम होता. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळू लागते, म्हणजे वैशाखातल्या दख्खनच्या दुपारी तंबूत बाटली उघडणे हेच संकट. ओतलेला थर काचेच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच आवळू लागे. विहिरीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यातील क्षारांचा सिल्व्हर नायट्रेटशी संयोग होऊन द्रावण गढूळ होई, म्हणून शुद्ध पाण्याचा साठाही बरोबर न्यावा लागे.

या पद्धतीने फोकस करण्यावर जो परिणाम केला, त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. प्लेट काही मिनिटांतच वाळून निकामी होत असल्याने ती आधी तयार करून घासकाचेशी निवांत खटपट करणे शक्यच नव्हते. आधी तिवई रोवायची, दृश्य निवडायचे, फोकस साधून भाता स्क्रूने आवळायचा, आणि त्यानंतर तंबूच्या अंधारात शिरून प्लेट तयार करायची. बाहेर येऊन ती कॅमेऱ्यात घातली की मग छायाचित्रकाराला काहीच दिसत नसे. मधल्या वेळात तिवईचा पाय मातीत रुतला, वाऱ्याने भाता हलला किंवा कुणाचा धक्का लागला, तर ते कळे तंबूत प्लेट धुताना. त्यामुळे तिवईचे मजबूत पाय आणि न घसरणारे स्क्रू या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींना भिंगाइतकेच मोल होते.

अजिंठ्याची चित्रे नकलून काढण्यासाठी १८४४ पासून नेमले गेलेले मेजर रॉबर्ट गिल यांनी १८५० च्या दशकात कॅमेरा हाती घेतला, आणि त्यांच्या कामात या प्रश्नाचे आणखी एक उत्तर सापडते. त्यांच्या छायाचित्रांचे दोन संग्रह १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या सहकार्याने लंडनमध्ये निघाले आणि त्यांतली चित्रे स्टिरिओ प्रकारची होती. स्टिरिओ म्हणजे दोन भिंगांनी, दोन डोळ्यांच्या अंतराने घेतलेली चित्रांची जोडी, जी उपकरणातून पाहताना खोलीचा भास होतो. अशा कॅमेऱ्याच्या प्लेटा लहान असतात, म्हणून भिंगेही आखूड नाभीय अंतराची लागतात, आणि भिंग जितके आखूड तितका समोरच्या दृश्याचा जवळून लांबपर्यंतचा अधिक भाग एकाच वेळी रेखीव येतो. या रेखीव पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. लेण्याच्या दारातील खांबापासून आतल्या चैत्यापर्यंत सगळे स्पष्ट हवे असेल, तर स्टिरिओ कॅमेरा मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा किती तरी सोयीचा ठरतो. लेण्याच्या आतल्या अंधारात मात्र घासकाचेवर काहीच दिसत नाही. अशा जागी मूर्तीजवळ पेटती मेणबत्ती ठेवून तिच्या ज्योतीवर फोकस साधायचा, ही त्या काळच्या छायाचित्रकारांची रीत होती. गिल यांची बहुतेक रंगीत चित्रे १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, त्यामुळे अजिंठ्याच्या त्या काळच्या अवस्थेची साक्ष म्हणून या छायाचित्रांचे मोल फार मोठे आहे.

मोहिमेच्या तयारीचे सर्वांत तपशीलवार चित्र मिळते ते सॅम्युअल बोर्न यांच्या लेखनात. नॉटिंगहॅममधील बँकेची नोकरी सोडून १८६३ साली भारतात आलेल्या बोर्न यांनी त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस सिमल्याहून पहिली मोठी हिमालय-यात्रा केली. सुमारे तीस हमाल बरोबर होते आणि दहा आठवड्यांनी ते १४७ निगेटिव्ह घेऊन परतले. पुढच्या वर्षी काश्मीर झाले, आणि १८६६ च्या तिसऱ्या मोहिमेत सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत त्यांनी कॅमेरा लावला. या प्रवासांची वर्णने त्यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफीमध्ये क्रमशः लिहिली. बोर्न १२ बाय १० इंचांच्या काचा वापरत. एवढ्या प्लेटसाठी लागणाऱ्या लांब नाभीय अंतराच्या भिंगाने पायाजवळचा खडक आणि क्षितिजावरचे शिखर एकाच वेळी रेखीव आणायचे, तर भिंगासमोरचे छिद्र अगदी बारीक करावे लागे. छिद्र बारीक केले की प्रकाश कमी, म्हणून प्लेट अधिक वेळ उघडी ठेवणे आले, आणि तेवढ्या वेळात देवदाराची फांदी हलली तर ती धुरासारखी उमटे. म्हणून वारा पडण्याची वाट पाहणे, सकाळी लवकर मुक्कामावरून निघणे आणि दृश्याची निवड करतानाच पुढची झाडी टाळणे, हे सगळे फोकसच्याच हिशेबात धरावे लागे.

या हिशेबातली एक बाजू इतिहासात फारशी मांडली जात नाही, आणि ती मांडणे न्यायाचे आहे. काचांच्या पेट्या, रसायने आणि तंबू खिंडींपर्यंत पोहोचले ते हमालांच्या पाठीवरून. डोंगरी संस्थानांत प्रवाशांची ओझी वाहणे ही रयतेवर लादलेली वेठ होती, आणि वाटेत पळून गेलेल्या हमालांना शोधून काठीने मारल्याचे बोर्न यांनी स्वतःच नोंदवले आहे. ज्या पावलांनी निसरड्या उतारावरून काचेला तडा जाऊ दिला नाही, त्या माणसांची नावे कोणत्याही चित्राखाली नाहीत. बोर्न यांच्या निगेटिव्हच्या निर्दोष कडांची वाखाणणी करताना या वाहतुकीचा उल्लेख टाळणारी वर्णने अपुरीच राहतात.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची पद्धत मांडली आणि पुढच्या दशकभरात तिने ओले कलोडियन हटवले. अंधारा तंबू, ईथर आणि पाण्याची पिंपे मागे राहिली. १८८८ च्या कोडॅकने तर फोकस करण्याचे कामच काढून टाकले: त्यातले आखूड भिंग कायमचे एका जागी बसवलेले होते आणि काही फुटांपलीकडचे सगळे त्याला पुरेसे स्पष्ट दिसे. भारतीय घरांत रुळलेला आग्फाचा क्लिक थ्री कॅमेराही पुढे याच स्थिर फोकसच्या तत्त्वावर चालला.

१९२५ साली बाजारात आलेल्या लायका या लहान कॅमेऱ्याने प्रवासी छायाचित्रकाराच्या हाती वेगळेच साधन दिले. त्याच्या भिंगाच्या नळीवर अंतराचे आकडे आणि त्यांच्या शेजारी छिद्राच्या आकारांच्या खुणा कोरलेल्या असत, ज्यांवरून किती अंतरापासून किती अंतरापर्यंत रेखीव येईल हे न पाहताच वाचता येई. येथे हायपरफोकल अंतर ही कल्पना उपयोगी पडते: ज्या अंतरावर फोकस ठेवला असता त्याच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते, ते हे अंतर. ५० मिलिमीटर भिंग आणि ८ आकड्याचे छिद्र असेल, तर ते ३५ मिलिमीटर फिल्मसाठी साधारण साडेदहा मीटर भरते, म्हणजे सव्वापाच मीटरपलीकडचे सर्व दृश्य रेखीव येते. १९३२ पासून लायकात भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर आला. दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या की अंतर साधले असे समजावे, हे त्याचे तत्त्व. तरीही वृत्तपत्रांचे छायाचित्रकार आणि डोंगर भटकणारे हौशी लोक नळीवरच्या खुणांवर विसंबत राहिले, कारण चालता चालता समोर आलेल्या क्षणाला जुळवाजुळवीची सवड नसते. कोकण आणि सह्याद्रीतील पावसाळ्याने मात्र या नाजूक भिंगांना बुरशीचा नवा शत्रू दिला. आतल्या काचेवर बुरशीचे जाळे धरले की कडा कितीही नेमक्या साधल्या तरी चित्र धुरकट येते, म्हणून कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह भिंगे ठेवणे आणि वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर कॅमेरा पिशवीतच थोडा वेळ बाहेरच्या हवेशी जुळू देणे, ही येथल्या तयारीची अंगे झाली.

कोनिकाने १९७७ मध्ये स्वयंचलित फोकसचा कॅमेरा विक्रीस आणला, आणि १९८५ च्या मिनोल्टा ७००० मध्ये ही यंत्रणा बदलत्या भिंगांच्या कॅमेऱ्याच्या अंगातच बसवली गेली. अशा आरशाच्या कॅमेऱ्यात काही प्रकाश तळाशी असलेल्या संवेदकाकडे वळवून अंतर मोजले जाते, तर चित्र उमटते ते मागच्या फिल्मवर किंवा डिजिटल संवेदकावर. या दोन वाटांची लांबी किंचित जरी वेगळी असली, तरी घासकाच आणि प्लेट यांच्यातला जुना बेबनाव नव्या रूपात उभा राहतो. २००७ च्या सुमारास काही कॅमेऱ्यांत हा फरक दुरुस्त करण्याची सोय आली, आणि मोठ्या प्रवासापूर्वी फुटपट्टी तिरकी ठेवून भिंग तपासण्याची, म्हणजे क्लोदे यांच्या पट्ट्यांचीच, रीत पुन्हा रुळली. २००८ पासून आलेल्या आरसाविरहित कॅमेऱ्यांत चित्र घेणाऱ्या संवेदकावरच फोकस मोजला जातो, त्यामुळे ही दुरुस्ती बरीचशी अनावश्यक ठरली. परंतु कडा सापडल्याशिवाय यंत्राला अंतर कळत नाही, आणि श्रावणातल्या घाटमाथ्यावरच्या धुक्यात किंवा अमावास्येच्या आकाशाखाली तशी कडा मिळत नाही. म्हणून किल्ल्यावरून ताऱ्यांची छायाचित्रे घेणारे लोक दिवसाउजेडी दूरच्या सुळक्यावर फोकस साधतात, स्वयंचलित यंत्रणा बंद करतात आणि भिंगाची कडी चिकटपट्टीने जागच्या जागी पक्की करून मगच अंधाराची वाट पाहतात.