चित्रपटातील स्थळ-अवकाश : डोंबिवली–मानपाडा परिसर

चित्रपटातील स्थळ-अवकाश म्हणजे कथा घडते ती जागा आणि पडद्यावरची तिची मांडणी. कथास्थळ आणि चित्रीकरणस्थळ एकच असावे लागत नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाचे बाह्यचित्रीकरण कल्याणपलीकडच्या वांगणीत झाले. पडद्यावर मात्र ती पुराणकथेतली भूमी ठरली. म्हणून जागा अस्सल आहे का, यापेक्षा ती पात्राला काय करू देते आणि कशापासून अडवते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. डोंबिवलीत घडणारे दोन मराठी चित्रपट या निकषावर पाहिले, तर तिथे स्थळ हेच कथानक चालवते असे दिसते.

निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मधला (२००५) माधव आपटे (संदीप कुलकर्णी) डोंबिवलीत राहणारा बँक कर्मचारी आहे. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ४८ किमी. हे अंतर संवादांतून कळत नाही. उठणे, आवरणे, लोकल पकडणे, बँक, परतीची गर्दी हा क्रम आरंभीच तुकड्यातुकड्यांनी पुन्हा पुन्हा येतो. संकलनामुळे अंतराचा वेळ होतो आणि वेळेची कोंडी. माधवचा स्फोट होण्याआधीच ती कोंडी प्रेक्षकाने सोसलेली असते. पुढे घर ते बँक ही ठरलेली रेघ सोडून तो बॅट घेऊन मुंबईत फिरू लागतो. कथेला वळण मिळते ते नेमके तिथे.

आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’त (२०२२) प्रश्न लांबीचा नसून शेजाराचा आहे. एका बाजूला उंच गृहसंकुल, दुसऱ्या बाजूला जनतानगरची वस्ती. या शेजाराला प्रत्यक्षाचा आधार आहे. डोंबिवली पूर्वेला स्थानकाकडून निघालेला मानपाडा रोड कल्याण–शीळ रस्त्याला मिळतो. या पट्ट्यात जुनी गावे, औद्योगिक वसाहत आणि नवे टॉवर एकमेकांना खेटून आहेत. चित्रपटात माणसांना झोंबी बनवणारा संसर्ग पाण्यातून येतो, आणि कुंपणाची भिंत किती तोकडी आहे हे उघडे पडते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची सुरक्षितता खालच्या वस्तीशी जोडलेली आहे, हे भाषण न करता जागाच सांगते.

यावर एक आक्षेप संभवतो. कामत यांनीच ‘डोंबिवली फास्ट’ची कथा ‘एवनो ओरुवन’ (२००७) या तमिळ चित्रपटात चेन्नईला नेली. मग डोंबिवली अपरिहार्य कशी? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून सिद्ध होते ते इतकेच की गावाचे नाव बदलता येते. सामान्य नोकरदाराला रोज पिळून काढणारी महानगराची रचना मात्र नव्या ठिकाणीही उभारावीच लागते. माधवला बँकेशेजारी घर दिले तर राग उरेल, त्यामागची रोजची झीज उरणार नाही. दुसरा आक्षेप असा की प्रत्येक दृश्यस्थळात अर्थ शोधणे ही समीक्षकांची हौस असते. गाण्यापुरत्या आलेल्या बागेला किंवा घाटाला तो लागू पडतो, कारण तिथे जागा बदलूनही घटनाक्रम तसाच राहतो. वरील दोन चित्रपटांत तसे होत नाही. म्हणून स्थळाचे कथनमूल्य त्याच्या सौंदर्यावर वा ओळखीवर ठरवू नये. त्याचे अंतर, दाटी आणि सीमा काढून घेतल्यावर कथेतले किती टिकते, यावर ठरवावे.