उतरत्या स्वरांचा वारसा

लेड झेपेलिन या इंग्लिश वाद्यवृंदाचे ‘स्टेअरवे टू हेवन’ हे गीत नोव्हेंबर १९७१ मध्ये त्यांच्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेवर प्रसिद्ध झाले. तेव्हापासून गिटार शिकणाऱ्या असंख्य तरुणांनी जिमी पेज यांनी वाजविलेला त्याचा प्रारंभ गिरविला आहे. त्यांतील अनेकांचा गुरू म्हणजे त्यांचाच कान. तबकडीवरची सुई पुन्हा मागे आणावयाची आणि ऐकलेला स्वर तारेवर शोधावयाचा, हीच त्यांची पाठशाळा.

हा प्रारंभ बोटांची कसोटी पाहतो. चौथ्या तारेवरचे बोट सातव्या पडद्यापासून तिसऱ्या पडद्यापर्यंत एकेक पडदा मागे सरकते व स्वर अर्ध्या-अर्ध्या पायरीने उतरतो. त्याच वेळी पहिल्या तारेवरचा स्वर पाचव्या पडद्यावरून सातव्या व आठव्या पडद्यावर चढतो. उतरण आणि चढण एकाच हाताने सांभाळावी लागते. ते सावकाश साधनेनेच साधते.

मंद्र स्वरांची ही उतरण मात्र फार जुनी आहे. सतराव्या शतकात हेन्री पर्सेल यांनी राणी डिडोच्या विलापगीताखाली याच जातीची उतरण योजिली. बाख यांच्या बी मायनर मिस्सातील ‘क्रुसिफिक्सुस’ या भागात, ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाच्या शब्दांखाली, ती पुनःपुन्हा ऐकू येते. पाश्चात्त्य संगीतातील शोकाचा तो रूढ संकेतच होय.

मग ती कोणाच्या मालकीची? ‘स्पिरिट’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९६८ मधील ‘टॉरस’ या रचनेतून हा प्रारंभ उचलला, असा दावा २०१४ मध्ये अमेरिकेत दाखल झाला. जुन्या कायद्यानुसार तेथे संरक्षण होते ते ध्वनिमुद्रणाला नव्हे, तर १९६७ मध्ये नोंदणीसाठी दिलेल्या एका पानाच्या स्वरलिपीला. २०१६ मध्ये ज्यूरीने लेड झेपेलिनच्या बाजूने कौल दिला. अर्धस्वरांची उतरण यासारख्या सामाईक सांगीतिक घटकांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, ही ज्यूरीला दिलेली सूचना मार्च २०२० मध्ये अपील न्यायालयाने ग्राह्य धरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

निकाल उलट लागता, तर शतकानुशतके सर्वांनी वापरलेल्या वाटेवर एकाचे कुंपण पडले असते. तथापि सामाईक धनावर जसा सर्वांचा हक्क, तसे त्याचे ऋणही सर्वांवर असते. आज हा प्रारंभ शिकणाऱ्याने पेज यांच्याबरोबर पर्सेल आणि बाख यांचेही स्मरण ठेवावे.