वजिराचे प्यादे आणि देशी पट

वजिरासमोरचे प्यादे एकदम दोन घरे पुढे सारून डाव मांडणे आज आपल्या मुलांना अगदी स्वाभाविक वाटते. परंतु आपल्याकडील जुन्या देशी बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाता येई. अशा देशी पटावर घडलेल्या एका खेळाडूने परक्या नियमांनी मिळवलेल्या विजयाची ही हकिकत आहे.

मीर सुलतान खान हे पंजाबातील मिठा तिवाना या गावचे. लहानपणी ते वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकले. सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या आश्रयाखाली त्यांनी पाश्चात्त्य नियम आत्मसात केले. १९२८ मध्ये ते अखिल भारतीय विजेते झाले आणि १९२९ मध्ये इंग्लंडला जाऊन त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपदही त्यांनी पटकावले.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांची गाठ माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्याशी पडली. १९१६ ते १९२४ या आठ वर्षांत एकही डाव न हरलेला हा खेळाडू! पांढरी मोहरी सुलतान खान यांच्याकडे होती. त्यांनी प्रथम घोडा काढला आणि दुसऱ्याच चालीत वजिराचे प्यादे दोन घरे पुढे नेले. एकविसाव्या चालीला कापाब्लांकांचा हत्ती शह देत पांढऱ्याच्या गोटात घुसला. त्या झटापटीत सुलतान खान यांनी वजीर देऊन दोन्ही हत्ती घेतले. पुढे एकट्या वजिराला त्या हत्तींपुढे मार्ग सापडेना. पासष्ट चालींअखेर कापाब्लांकांनी हार मानली. स्पर्धेत ऑयवे पहिले, कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले.

१९३२ आणि १९३३ मध्येही ब्रिटिश अजिंक्यपद त्यांचेच होते. परंतु १९३३ च्या अखेरीस आश्रयदाते मायदेशी परतले, त्यांच्यासमवेत सुलतान खानही परतले आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच संपली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. मानद ग्रँडमास्टर हा किताब त्यांना मिळाला तो थेट २०२४ मध्ये.

त्यांचा पट एका धन्याच्या इच्छेने मांडला गेला आणि त्याच इच्छेने उचललाही गेला. महाराष्ट्रापासून दूर, घरची भाषा घेऊन परक्या पटावर उतरणाऱ्या आपल्या मुलांसाठी ही शाळा कोणा एकाच्या मर्जीवर नव्हे, तर अनेकांच्या हातांवर उभी राहिली. हीरक महोत्सवी वर्षात या भेदाचे मोल विशेष जाणवते.