गरोदरपणात रक्तातील औषधाची पातळी का बदलते?

फिट्सची गोळी चालू असताना सातव्या महिन्यात औषधाच्या पातळीचा रिपोर्ट 'कमी' आला, तर स्वतःहून गोळी वाढवू नका. बाळाच्या काळजीने ती बंद तर मुळीच करू नका. झटका आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा असतो.

औषध रक्तात कसे असते?
औषधाचा काही भाग अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना चिकटलेला असतो, तर उरलेला मोकळा असतो. काम करतो तो मोकळा भाग. वारेतून बाळाकडेही तोच जातो. फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग चिकटलेला असतो, लेव्हेटिरासिटामचा १० टक्क्यांहून कमी.

गरोदरपणात काय बदलते?
रक्तातील द्रवभाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे अल्ब्युमिनचे प्रमाण घटते. एरवी ते डेसिलिटरमागे ४ ग्रॅमच्या आसपास असते, शेवटच्या तिमाहीत ३ ग्रॅमच्या जवळ येते. म्हणून फेनिटॉइनची एकूण पातळी बरीच कमी दिसते, पण मोकळी पातळी तितकी घटत नाही. मोकळ्या म्हणजे 'फ्री' पातळीची तपासणी प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. अशा वेळी डॉक्टर अल्ब्युमिन आणि तुमची लक्षणे पाहून डोस ठरवतात.

लॅमोट्रिजिनचे तसे नाही. शरीर ते वेगाने बाहेर टाकते, त्यामुळे डोस अनेकदा खरोखरच वाढवावा लागतो.

थायरॉइडमध्ये उलट घडते. हार्मोन वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि एकूण टी-४ जास्त दिसते. म्हणून टीएसएच महत्त्वाचे.

बाळंतपणानंतर
काही आठवड्यांत शरीर पूर्ववत होते. वाढवलेला डोस तसाच राहिला तर चक्कर येणे, दोन-दोन दिसणे, तोल जाणे असे त्रास होतात. लॅमोट्रिजिनची पातळी तर २-३ आठवड्यांतच वाढू शकते. डोस कधी कमी करायचा, हे प्रसूतीआधीच विचारून लिहून घ्या. थायरॉइडची तपासणी साधारण ६ आठवड्यांनी करतात.

नवजात बाळाची काळजी
बाळाच्या रक्तात काविळीचे बिलिरुबिनही अल्ब्युमिनलाच चिकटते. सल्फा औषधे किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ते सुटे करू शकतात आणि सुटे बिलिरुबिन मेंदूला इजा करू शकते. म्हणून नवजात बाळाला घरातले कोणतेही औषध देऊ नका.

माहेरी जाताना
सुप्यातून बाळंतपणासाठी माहेरी जाणार असाल, तर डॉक्टर बदलतात. आधीचा डोस, वाढवलेला डोस आणि सर्व रिपोर्ट एकाच फाइलमध्ये न्या. सासूबाई, आई किंवा नवरा यांपैकी एकाला तरी गोळ्यांची नावे ठाऊक असावीत.

गरोदरपणात पहिल्यांदाच झटका आला, किंवा तो ५ मिनिटांहून जास्त टिकला, तर लगेच १०८ ला फोन करा.